रात्री १० ते सकाळी ६ : वस्तीत व्यवसाय करताना आवाजाचा नियम नेमका काय सांगतो?



घरगुती मसाला, पिठाची गिरणी, डोशाचं पीठ, क्लाउड किचन, फर्निचर, फॅब्रिकेशन, मंडप आणि साउंड सिस्टिम... आपल्यापैकी बहुतेकांचा व्यवसाय सुरू होतो तो राहत्या वस्तीतच. घराखालचा गाळा, मागची पडवी, नाहीतर गच्चीवरची शेड. भाडं वाचतं, घराकडे लक्ष राहतं, भांडवल कमी लागतं. सगळं छान. पण एक दिवस ऑर्डर वाढते, काम रात्री साडेदहा-अकरापर्यंत जातं, आणि दारावर टकटक होते. शेजारी असतो, सोसायटीचा सेक्रेटरी असतो, कधी थेट पोलीस असतात.

त्या वेळी बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "साहेब, माझ्याकडे शॉप अ‍ॅक्ट आहे, उद्यम रजिस्ट्रेशन आहे."

मित्रांनो, ते कागद तुमच्या व्यवसायाची ओळख आहेत. रात्री आवाज करायचा तो परवाना नव्हे. व्हिडिओत हा मुद्दा पाच मिनिटांत उरकावा लागतो, इथे मात्र नीट समजून घेऊ. नियम काय आहे, तुमच्या मशीनला तो कसा लागू होतो, तक्रार आली तर काय होतं आणि धंदा न थांबवता यातून वाट कशी काढायची.

आधी नियमाचं नाव आणि घड्याळ

आपल्या देशात यासाठी 'ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००' आहेत. ते पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केलेले आहेत आणि संपूर्ण भारताला लागू आहेत. म्हणजे मुंबई-पुण्यालाही आणि तुमच्या गावठाणालाही. ग्रामपंचायतीने व्यवसायाला ना-हरकत दिली म्हणून हे नियम बाजूला पडत नाहीत.

या नियमांत दिवसाचे सरळ दोन भाग आहेत :

- दिवस : सकाळी ६ ते रात्री १०
- रात्र : रात्री १० ते सकाळी ६

लक्षात घ्या, पहाटे पाच ही कायद्याच्या भाषेत 'रात्र'च आहे. दूध, पाव, पाण्याचे जार, नाश्त्याचा गाडा अशी कामं करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. आपण सगळे रात्रीच्या दहाची चर्चा करतो, पण पहाटे साडेचारला टेंपोत जार आपटण्याचा आवाजही याच आठ तासांत मोडतो.

कोणत्या भागात किती आवाज?

नियमांच्या परिशिष्टात चार प्रकारचे भाग आणि त्यांची मर्यादा दिली आहे. ही मर्यादा डेसिबलमध्ये असते :

- औद्योगिक भाग : दिवसा ७५, रात्री ७०
- व्यापारी भाग : दिवसा ६५, रात्री ५५
- निवासी भाग : दिवसा ५५, रात्री ४५
- शांतता क्षेत्र : दिवसा ५०, रात्री ४०

शांतता क्षेत्र म्हणजे रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. तुमचा गाळा दवाखान्याच्या किंवा शाळेच्या जवळ असेल तर पालिकेत किंवा पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे खाली दुकानं, वर घरं. मग आमचा भाग कुठला?" प्रश्न बरोबर आहे. अशा मिश्र वस्तीला या चारपैकी कोणत्या गटात धरायचं, ते सक्षम प्राधिकारी ठरवतो. आपण स्वतःच "हा व्यापारी भाग आहे" असं ठरवून चालत नाही. माझा सल्ला : वरच्या मजल्यावर माणसं झोपत असतील, तर निवासी मर्यादाच धरून नियोजन करा. सर्वांत कडक आकडा धरून बसवलेला व्यवसाय पुढे कधी अडकत नाही.

डेसिबल म्हणजे काय, हे एकदा समजून घ्या

४५ म्हणजे नेमकं किती? दोन माणसं समोरासमोर बसून नेहमीच्या आवाजात बोलतात, तेव्हा साधारण ६० डेसिबल होतात. यावरून अंदाज घ्या. रात्रीची निवासी मर्यादा साध्या गप्पांपेक्षाही बरीच खाली आहे.

डेसिबलचं गणित आपल्या किलो-लिटरसारखं सरळ नाही. तीन गोष्टी पाठ करा :

१. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणून "पाच-दहानेच तर जास्त आहे" असं म्हणू नका.

२. एकसारखी दोन मशीन एकत्र चालली तर आवाज दुप्पट आकड्याचा होत नाही, ३ डेसिबलने वाढतो. ६० चे ६३ होतात. उलट बाजूने पाहिलं तर दोनपैकी एक मशीन बंद करून फक्त ३ डेसिबल वाचतात. म्हणजे "एकच चालू ठेवतो" हा उपाय शेजाऱ्याला जाणवतसुद्धा नाही.

३. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. ४ मीटरवर ६६ असतील तर ८ मीटरवर ६०, १६ मीटरवर ५४, ३२ मीटरवर ४८. पाहा, ३२ मीटर लांब जाऊनही रात्रीच्या ४५ मध्ये बसत नाही. आपल्या वस्त्यांत दोन घरांत ३२ फूट अंतर मिळायची मारामार, मीटर तर सोडाच.

आणखी एक. मर्यादा मोजताना एखाद्या क्षणाचा आवाज धरत नाहीत, ठरावीक वेळेतली ऊर्जेची सरासरी धरतात. पण म्हणून "मध्ये मध्ये बंद केलं की चालतं" असं समजू नका. ५८ डेसिबलचं मशीन निम्मा वेळ पूर्ण बंद ठेवलं तरी सरासरी ५५ येते. रात्रीसाठी तीही दहाने जास्तच.

रात्री १० नंतर मशीन चालवायला सरसकट बंदी आहे का?

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, म्हणून नीट वेगळं करू.

काही गोष्टींवर रात्री थेट बंदी आहे :

- ध्वनिक्षेपक, साउंड सिस्टिम, वाद्यं. अपवाद बंद सभागृहाचा, तोही आतल्या आत ऐकू येण्यापुरता, आणि सार्वजनिक आणीबाणीचा.
- निवासी भागात वाहनाचा हॉर्न, आणीबाणी सोडून.
- आवाजाचे फटाके.
- निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं.

यातली हॉर्न, फटाके आणि बांधकाम यंत्रांची बंदी २०१० च्या दुरुस्तीने आली. गाळ्याचं इंटिरियर "रात्रीत उरकून घेऊ" म्हणून ड्रिल आणि कटर लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

गिरणी, मिक्सर, कॉम्प्रेसर, शिलाई मशीन, एक्झॉस्ट पंखा यांचं नाव या बंदीच्या यादीत नाही. म्हणजे दहाचा ठोका पडला की शिलाई मशीन बंद, असा नियम नाही. पण आवाजाची मर्यादा त्यांनाही आहेच. रात्री निवासी भागात ४५. शिवाय सार्वजनिक उपद्रवाचा कायदा वेगळा आहेच. त्यामुळे शांत शिलाई मशीन रात्री अकराला चालू शकतं, पण गिरणी, कांडप, लाकूड कापायचा कटर आणि ग्राइंडर व्यवहारात चालूच शकत नाहीत. बंदीच्या यादीत नाव नसलं तरी ४५ चा आकडा त्यांना जमणारच नाही.

आणि दिवसाचं काय? "दहाच्या आत काहीही चालतं" हा आणखी एक गैरसमज. दिवसा निवासी भागात ५५ ची मर्यादा आहे. ती १० किंवा त्याहून जास्त डेसिबलने ओलांडली, तर दिवसाढवळ्याही तक्रार करता येते. रात्रीच्या निर्बंधाचा भंग झाला, तर १० डेसिबलची ही सवलतही नाही.

शॉप अ‍ॅक्टमध्ये २४ तास दुकान उघडं ठेवता येतं ना?

हो, येतं. महाराष्ट्रात २०१७ चा नवा दुकाने व आस्थापना अधिनियम आला. त्यानंतर मद्यविक्रीसारखे काही व्यवसाय सोडले तर दुकान चोवीस तास उघडं ठेवायची मुभा मिळाली. पण हा कायदा कामाच्या वेळा, कामगारांचे तास आणि सुट्ट्या यांच्याबद्दल आहे. दुकान उघडं ठेवणं वेगळं आणि आवाज करणं वेगळं. मेडिकल रात्रभर उघडं असतं, कुणाची झोप मोडते का?

तसंच जागेच्या वापराचं. निवासी इमारतीत कोणता व्यवसाय चालतो, कोणत्या मजल्यावर चालतो, हे तुमच्या शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीवर ठरतं. सोसायटीची परवानगी हा त्यापेक्षा वेगळा कागद. आणि आवाजाचा नियम या दोन्हींच्या पलीकडचा. तीन दारं आहेत, तिन्हींना तीन किल्ल्या लागतात.

पैशाची भाषा : रात्रीचे दोन तास परवडतात का?

आता आपल्या आवडत्या विषयाकडे येऊ. हिशेब.

समजा, तुमचा मसाला कांडपाचा व्यवसाय आहे. मार्च ते मे हंगाम. बायका वर्षाचं तिखट-मसाला करून घेतात, दारात मिरच्यांच्या पिशव्यांची रांग. समजा, तुमचं मशीन तासाला १५ किलो काढतं. सकाळी ८ ते रात्री ८, मधली सुट्टी वजा जाता १० तास. रोजचे १५० किलो. मागणी आहे १९० ची. उरलेल्या ४० किलोंसाठी तुम्ही रात्री साडेदहा-अकरापर्यंत मशीन चालवता.

किलोमागे हातात ३० रुपये उरतात असं धरू. रात्रीची जादा कमाई : ४० × ३० = १,२०० रुपये. महिन्याच्या ३० रात्रींचे ३६,००० रुपये. मोह होणारच.

आता दुसरी बाजू. तक्रार झाली, मशीन बंद ठेवायचा आदेश आला. दिवसाचं काम बुडालं तर रोजचं नुकसान : १५० × ३० = ४,५०० रुपये. आठ दिवसांचे किती? ३६,००० रुपये. म्हणजे महिनाभर रात्री जागून कमावलेलं सगळं फक्त आठ दिवसांच्या बंदीत जातं. तेही ऐन हंगामात. आणि जी ताई पिशवी परत घेऊन दुसऱ्या कांडपावर गेली, ती पुढच्या वर्षी परत येईलच असं नाही.

आकडे माझे उदाहरणापुरते आहेत. तुमचे आकडे टाका, कागदावर मांडा. बहुतेक वेळा उत्तर हेच येतं : रात्रीचे जादा तास दिवसाच्या दहा तासांना धोक्यात घालतात.

तक्रार झाली तर नेमकं काय होतं?

शेजारी ११२ ला फोन करू शकतो, पोलीस ठाण्यात लेखी देऊ शकतो. या नियमांत जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा नेमून दिलेला पोलीस उपअधीक्षक वा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी 'प्राधिकारी' असतो. तो लेखी आदेशाने आवाज बंद करायला किंवा त्याची वेळ बांधून द्यायला सांगू शकतो.

पुढचे कायदे थोडक्यात :

- पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड. पूर्वी तुरुंगवासाची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती बदलून १०,००० रुपयांपासून १५ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला.
- भारतीय न्याय संहिता, कलम २९२ : सार्वजनिक उपद्रवासाठी १,००० रुपयांपर्यंत दंड. बंद करायचा आदेश मिळूनही चालूच ठेवलं तर कलम २९३ : सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १५२ : लोकांच्या आरोग्याला किंवा स्वास्थ्याला त्रास होईल असा व्यवसाय थांबवायचा, हलवायचा किंवा त्याचं नियमन करायचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतात.

छोट्या उद्योजकाने जपून राहायचं ते या शेवटच्या कलमापासून. दंड एकदा भरून मोकळं होता येतं. व्यवसाय थांबवायचा किंवा हलवायचा आदेश आला, तर मात्र मुळावरच घाव बसतो.

"तक्रार कुणी केली ते सांगा" असा हट्ट धरू नका. ध्वनिक्षेपकांच्या एका प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारत बसू नये आणि ती उघडही करू नये. त्याआधी १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शांत जगण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला. नको असलेला आवाज कुणाच्या कानावर लादायचा हक्क कुणालाच नाही, असा त्याचा गाभा. तुमचा व्यवसायाचा हक्क खरा आहे, पण पलीकडच्या भिंतीमागे रात्रपाळी करून आलेला कामगार, दहावीची मुलगी किंवा नुकतं ऑपरेशन झालेले आजोबा असतात. त्यांची झोप ही तुम्हाला फुकट मिळणारी जागा नव्हे.

पोलीस आले तर एवढंच करा : मशीन बंद करा, वाद घालू नका, काय कमी करायला हवं ते विचारा, लेखी नोटीस दिली तर प्रत घ्या आणि त्यावर तारीख टाकून लेखी उत्तर द्या. तक्रार खोडसाळ वाटत असेल, तर रोजच्या कामाच्या वेळांची वही हाच तुमचा खरा पुरावा. ती आजपासून लिहा.

साउंड, मंडप आणि लॉनवाल्यांसाठी खास

तुमचा तर मालच आवाज आहे, म्हणून तुम्हाला नियम जास्त लागतात.

- ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागतेच, दिवसासुद्धा.
- सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढाच. निवासी भागात दिवसा ५५ अधिक १०, म्हणजे ६५.
- खासगी जागेतली सिस्टिम असेल तर हद्दीवर फक्त ५ ची सवलत. निवासी भागात दिवसा ६०.
- राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी रात्री १० ते १२ ची सूट देऊ शकतं. हे दिवस जिल्ह्याजिल्ह्यात आदेशाने जाहीर होतात. गणपती-नवरात्रात "सगळीकडे बाराच" असं गृहीत धरू नका, आपल्या जिल्ह्याचा त्या वर्षीचा आदेश मोबाइलमध्ये ठेवा. आणि ही सूट उत्सवाला आहे, लग्नाच्या वरातीला नाही.
- लॉन म्हणजे बंद सभागृह नव्हे. वर मंडपाचं कापड टाकलं म्हणून ते बंद होत नाही.

तुमच्या कोटेशनवर एक ओळ छापून घ्या : "ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद केला जाईल, उशीर झाल्यास जबाबदारी आयोजकांची राहील." ही ओळ तुम्हाला कायद्यातून सोडवणार नाही, कारण सिस्टिम तुमची आणि जप्त होते तीही तुमचीच. पण दहाला पाच कमी असताना "अजून एकच गाणं, दादा" म्हणणाऱ्या नवरदेवाच्या मित्रांसमोर तुमच्या हातात काहीतरी असतं. साडेनऊलाच यजमानांना आठवण करून द्या. दहाला अचानक बटण बंद केलं की भांडण होतं, आधी सांगितलं की होत नाही.

आवाज कमी करायचे उपाय : आधी स्वस्तातले

१. मशीन भिंतीपासून हलवा. सामाईक भिंतीला टेकलेलं मशीन म्हणजे शेजाऱ्याच्या उशाशी ठेवलेलं मशीन. मधे हातभर अंतर ठेवा. खर्च शून्य.

२. खाली रबर. कांडप, गिरणी, कॉम्प्रेसर यांचा अर्धा त्रास हवेतून नाही, फरशीतून जातो. मशीनच्या पायांखाली धक्का शोषणारे जाड रबरी पॅड बसवा. आपटणारं मशीन असेल तर त्याचा काँक्रीटचा चौथरा इमारतीच्या फरशीपासून वेगळा करून घ्या.

३. देखभाल. सैल पट्टा, सुकलेलं बेअरिंग, ढिले नट. मशीनचा आवाज अचानक वाढला की समजा ते तेल मागतंय. इथे आवाजही वाचतो आणि वीजही.

४. अंड्यांचे ट्रे आणि फोम यांवर पैसे घालवू नका. ते खोलीतला घुमणारा आवाज कमी करतात, बाहेर जाणारा अडवत नाहीत. आवाज अडवतं ते वजन : विटांची भिंत, भरीव दार, जिप्सम बोर्डचा दुहेरी पडदा. आणि फटी बुजवा. दाराखालची बोटभर फट सगळी भिंत वाया घालवते. नुसतं शटर ओढून तर काहीच होत नाही, पातळ पत्रा उलट स्वतःच थरथरतो.

५. हवा कोंडू नका. मिरची, पीठ, तळण या कामांत हवा खेळती लागतेच. एक्झॉस्टचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको, रस्त्याकडे किंवा वर काढा. नळीला एक-दोन वळणं देऊन आतून अस्तर लावलं की आवाज उतरतो.

६. जनरेटर. १,००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणून तो आवाजबंद पेटीसह येतो. जुना, उघडा जनरेटर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. आणि पेटीतला जनरेटरसुद्धा रात्री वस्तीत ४५ मध्ये आपोआप बसत नाही. रात्रीच्या फ्रीज आणि दिव्यांसाठी इन्व्हर्टर बरा.

सगळ्यात मोठा उपाय : वेळापत्रक

कामाचे दोन ढीग करा. आवाजाचं काम आणि मुकं काम. दळणं, कांडणं, कापणं, ग्राइंडिंग, माल चढवणं-उतरवणं हे आवाजाचं. निवडणं, वजन, पॅकिंग, लेबल, हिशेब, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डर हे मुकं. बहुतेक लोक सकाळी पॅकिंग आणि डिलिव्हरी करतात आणि संध्याकाळी मशीन लावतात. उलटं करा. मशीन सकाळी, पॅकिंग रात्री.

दहाला बंद करायचं असेल तर साडेनऊला शेवटचा घाणा. कारण मशीन बंद झाल्यावर धुणं-पुसणं, डबे हलवणं, शटर ओढणं यालाही आवाज असतोच.

हंगामात टोकन द्या. "आज पिशवी ठेवा, परवा सकाळी ११ ला या." तारीख पक्की मिळाली की ग्राहक थांबतो. त्याला राग येतो तो 'बघू' म्हटल्यावर. तरीही मागणी उरलीच, तर जास्तीचं काम दुसऱ्या कांडपवाल्याला वाटून द्या आणि तुमचं कमिशन ठेवा. आणि सलग दोन हंगाम मागणी क्षमतेबाहेर गेली तर तो शेजाऱ्याचा दोष नाही, तुमचा व्यवसाय वस्तीत मावेनासा झालाय. औद्योगिक वसाहतीत गाळा बघायची वेळ आली. तिथे रात्रीची मर्यादाही ७० आहे.

डिलिव्हरीच्या मुलांनाही नियम सांगा : रात्री हॉर्न नाही, गाडी बंद करून उभं राहायचं, फोन करायचा, हाक मारायची नाही. क्लाउड किचनवरच्या तक्रारी कढईमुळे कमी, दाराबाहेरच्या गाड्यांमुळे जास्त येतात.

शेजाऱ्याशी बोला, तक्रारीच्या आधी

मशीन बसवायच्या आधी वरच्या, खालच्या, बाजूच्या घरी स्वतः जा. काय बोलायचं? साधं बोला :

"काकू, सोमवारपासून खाली मसाल्याचं मशीन सुरू करतोय. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात चालेल, दुपारी दोन ते चार बंद. रात्री अजिबात नाही. तरी त्रास झाला तर आधी मला फोन करा, हा माझा नंबर."

या चार वाक्यांत वेळ आहे, विश्रांती आहे, शब्द आहे आणि तुमच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता आहे. आता हा शब्द पाळणं तुमच्या हातात. फोन आला तर पहिल्या दिवशी उचला. ज्याचा फोन तुम्ही उचलत नाही, तो पुढचा फोन ११२ ला करतो.

दिवाळीत मसाल्याचं एक पाकीट नेऊन द्या, पण ते प्रेमाने. पाकीट दिलं म्हणून रात्री मशीन लावायची मुभा विकत घेतली, असं होत नाही.

आजचा गृहपाठ

वही घ्या आणि एवढं करा :

१. मोबाइलवर ध्वनिमापक अ‍ॅप घ्या. मशीन चालू ठेवून शेजाऱ्याच्या भिंतीपाशी, खिडकीखाली आणि गच्चीवर आकडा लिहा. मग मशीन बंद करून तेच आकडे पुन्हा लिहा. मोबाइलचा आकडा अधिकृत धरत नाहीत, तिथे प्रमाणित यंत्र लागतं. पण चालू आणि बंद यांतला फरक तुम्हाला खरं सांगतो.

२. तुमची सगळी कामं आवाजाची आणि मुकी अशी वेगळी लिहा. रात्री १० ते सकाळी ६ मध्ये आवाजाचं एकही काम उरलं असेल तर त्याला दिवसातली जागा शोधा.

३. वर दिलेला रात्रीच्या कमाईचा आणि बंदीच्या दिवसांचा हिशेब तुमच्या आकड्यांनी मांडा.

४. या आठवड्यात तीन शेजाऱ्यांच्या घरी जा.

मित्रांनो, वस्तीत व्यवसाय करायचा म्हणजे पहिली परवानगी शेजाऱ्याची, मग बाकीची. ती कुठल्या पोर्टलवर मिळत नाही आणि तिचं नूतनीकरण रोज रात्री दहा वाजता करावं लागतं. मशीन वेळेत बंद करा, निवांत झोपा आणि शेजाऱ्यांनाही झोपू द्या. सकाळी पुन्हा जोमाने कामाला लागायचंय!